‘आधी मुलगा होऊ दे, मग नोकरीचं बघू’

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर भागातून आलेलं हे पत्र आहे. नाव-गाव दिलेलं नाही, ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. लिहिणारी २६ वर्षांची, बारावी झालेली. थोरली मुलगी सहा वर्षांची, धाकटी तीनची. नवरा तमिळनाडूत गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) दुकानावर असतो, दिवाळीला आणि गावच्या यात्रेला घरी येतो. घरी सासू-सासरे, दीड एकर द्राक्षबाग आणि दोन म्हशी. धाकटीच्या बाळंतपणानंतर सरकारी दवाखान्यात तांबी (कॉपर-टी) बसवली होती. आता सासूबाईंचा धोशा लागलाय, ‘यात्रेला त्यो येतोय, त्याच्याआधी तांबी काढून ये.’ चुलत सासूबाईंनी कानात सांगितलंय, ‘हल्ली आधीच कळतं, बघून घेता येतं.’

त्यातच गावात अंगणवाडी सेविकेची जागा निघाली. हिनं घरात विषय काढला, तर उत्तर मिळालं, ‘आधी मुलगा होऊ दे, मग नोकरीचं बघू.’ नवरा फोनवर म्हणतो, ‘आई म्हणतीया तसं करू, घरात वाद नगं.’ परवा थोरलीनं विचारलं, ‘भाऊ आला की आजी मला ओरडणार नाही ना?’

ती विचारते: ‘सासूबाईंना न दुखवता कसं समजावू? मी घरात बसून खाते, कमवत नाही, म्हणून माझं कुणी ऐकत नाही का? आणि मला नोकरी करावीशी वाटते, हा माझा स्वार्थ आहे का?’

उत्तर

ताई,

‘मी घरात बसून खाते’ असं तुम्ही लिहिलंत. त्याच पत्रात, आधीच्या पानावर, तुमचा दिवस आहे: पहाटे पाचला म्हशींच्या धारा, शेणघाण, मुलींचं आवरणं, सगळ्यांच्या भाकरी, मग बाग. फेलफुटी काढायला, विरळणीला, डिपिंगला टोळी लावली तर मजुरी मोजावी लागते, म्हणून जमेल तेवढं तुम्ही आणि सासूबाई दोघीच ओढता. हे बसून खाणं असेल, तर राबून खाणं कशाला म्हणतात ते मला कुणीतरी सांगावं.

तेव्हा तुम्ही कमवत नाही, हे आधी डोक्यातून काढा. बागेचे पैसे व्यापाऱ्याकडून सासऱ्यांच्या खात्यावर जातात, दर दहा दिवसांचं दुधाचं बिलही त्यांच्याच नावे निघतं. दोन्हीकडे तुमचे कष्ट आहेत, नाव मात्र कुठेच नाही. पगार सुरू झाला की घरात शब्दाला आपोआप वजन येतं, असंही समजू नका. पगार स्वतःचा आणि एटीएम कार्ड नवऱ्याच्या खिशात, अशा बायकांची पत्रं मला काही कमी येत नाहीत. नोकरी हवी असेल तर ती नोकरीसाठीच हवी असू दे. घरात बोलण्याचा हक्क मिळवायला ती लागत नाही. तो तुम्हाला आजही आहे.

एक करा. मुलीच्या जुन्या वहीत पंधरा दिवस रोज संध्याकाळी लिहा: आज काय काय केलं, किती वेळ केलं, आणि त्याच कामाला गडी किंवा बाई लावली असती तर आपल्या गावच्या दरानं किती द्यावे लागले असते. भांडायला म्हणून नको. बोलायला बसाल तेव्हा तुमच्याकडे नुसती तक्रार नसावी, हिशेब असावा म्हणून. हिशेबानं काय होतं ते शेजारच्या माणदेशातल्या बायकांनी दाखवलंय. म्हसवडला सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा यांच्यासोबत त्यांनी बायकांची सहकारी बँक काढायचं ठरवलं, तेव्हा रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज फेटाळला, कारण त्यात अंगठे उठवणाऱ्या बायका होत्या. बायका लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, ‘व्याज काढायला सांगा, आम्ही तोंडी काढतो. तुमच्या साहेबांना यंत्राशिवाय येतं का बघू.’ १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

आता मुख्य गोष्टीकडे येते. तुमच्या घरानं दोन वेगवेगळी जनावरं एकाच दाव्याला बांधलीत: मूल आणि नोकरी. तुम्हीही ती तशीच बांधलेली आहेत असं धरून पत्र लिहिलंय. जाहिरात जरा पुन्हा वाचा. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांच्या भरतीला लहान कुटुंबाची अट असते: उमेदवाराची हयात मुलं दोनपेक्षा जास्त चालत नाहीत. आज तुम्ही त्या अटीत बसता. तिसरं मूल झालं, मग तो मुलगा असो की मुलगी, की अर्जच बाद. शिवाय वयाची मर्यादा ३५, आणि एकदा सेविका लागली की त्या गावात ती जागा वर्षानुवर्षं पुन्हा निघत नाही. म्हणजे ‘आधी मुलगा, मग नोकरी’ हा शब्द सासूबाई अगदी मनापासून देत असतील, तरी तो पाळणं त्यांच्या हातात नाही. तुम्ही मूल द्यायचं आणि बदल्यात जे मिळायचं ते मिळायच्या आधीच संपलेलं.

घरात हे कुणाला माहीत नसेल, अशी माझी अटकळ आहे. सासऱ्यांना जाहिरातीतली ती ओळ वाचून दाखवा. माणसं सुनेच्या इच्छेला ऐकत नाहीत, पण छापील अटीपुढे थांबतात. अशी अट असणं मला स्वतःला पटत नाही, हेही सांगून ठेवते. किती मुलं हे जिच्या हातात बहुतेक वेळा नसतं, तिलाच त्या मुलांपायी अपात्र ठरवायचं, यात न्याय कुठला? ग्रामपंचायतीचंही तेच. निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आणि दोनपेक्षा जास्त मुलं असतील तर निवडणुकीला अपात्र. उद्या तुम्हालाच उभं राहावंसं वाटलं तर? पण नियम आज आहे तो आहे, आणि या खेपेला तो तुमच्या बाजूनं बोलतोय. वापरा.

मात्र त्याआधी एक प्रश्न, ज्याचं उत्तर मी तुमच्या पत्रात शोधत होते. सासूबाईंना काय हवंय ते आहे, नवरा काय म्हणतो ते आहे, चुलत सासूबाईसुद्धा आहेत. तुम्हाला तिसरं मूल हवंय का, हे कुठेच नाही. नको असेल, असं मी पत्राच्या सुरावरून धरतेय. पण तुम्हाला मनातून हवं असेल, मुलगा म्हणून किंवा नुसतं आणखी एक लेकरू म्हणून, तर तेही तुमचंच मत आहे आणि त्यात लाज वाटायचं कारण नाही. तेव्हा हिशेब वेगळा होईल: ही जागा हातची जाईल हे धरून चालायचं, रक्त वाढवायचं आणि तिसरीही मुलगी झाली तर तिचं स्वागत कसं होईल, हे आधी घराकडून वदवून घ्यायचं. आधीच्या दोन मुलींमुळे तिसऱ्या वेळी मुलगा व्हायची शक्यता वाढत नाही, दर वेळी ती जवळपास निम्मीच असते. आणि मुलगा की मुलगी, हे बापाच्या बीजावर ठरतं. शाळेत शिकलेलं असतं सगळ्यांनी, पण बोल लावताना बाईकडेच बोट जातं.

समजा, तुम्हाला नकोय. मग तसं एकदा स्वतःशी स्पष्ट म्हणा. ‘सासूबाईंना कसं समजावू’ हा प्रश्न त्याच्या नंतरचा.

तांबीचं बोलू. ती काढायची की नाही, हे ठरवणारी तुम्ही. सरकारी दवाखान्यात तांबी बसवायला, काढायला किंवा नसबंदीच्या ऑपरेशनला नवऱ्याची सही नियमानं लागत नाही. कुणी मागितली तर ‘नियम दाखवा’ म्हणायचं. बसवताना मिळालेलं कार्ड शोधा. तांबी दोन प्रकारची असते, एक पाच वर्षांची, एक दहा वर्षांची. तुमची पाचची असेल तर मुदतीची दोनेक वर्षंच उरलीत, आणि मग बदलायची का, दर तीन महिन्यांचं ‘अंतरा’ इंजेक्शन घ्यायचं का, ‘छाया’ गोळ्या घ्यायच्या का, हे आशाताईंशी किंवा आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंशी बोला. तिन्ही गोष्टी सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. मूल नको हे दोघांचं पक्कं ठरलं, तर पुरुषांची बिनटाक्याची नसबंदी बायकांच्या ऑपरेशनपेक्षा सोपी आहे. थोड्या वेळात होते, त्याच दिवशी घरी येता येतं, फक्त पहिले तीन महिने दुसरं साधन वापरावं लागतं आणि मग तपासणी करून घ्यायची. आपल्याकडे पुरुष तिच्या नावानं दचकतात. अशक्तपणा येतो, काम होत नाही, असल्या समजुतींपलीकडे त्यामागे काही कारण नाही.

‘डॉक्टरांनी आत्ता नको सांगितलंय’ असं खोटं सांगू का, असंही तुम्ही एका ओळीत विचारलंय. सांगणाऱ्या बायका मला माहीत आहेत आणि त्यांना मी दोष देत नाही. कधीकधी बाईकडे तेवढंच हत्यार असतं. पण ते फार दिवस टिकत नाही. दोन महिन्यांनी सासूबाई म्हणतील, चल, मी येते डॉक्टरांकडे. त्यापेक्षा खरोखर रक्त तपासून घ्या. एवढ्या राबण्यात दोन बाळंतपणं झालेल्या बाईचं हिमोग्लोबिन कमी निघणं काही नवलाचं नाही. निघालं तर डॉक्टरांचा सल्ला खराच असेल, आणि औषधंही सुरू होतील. ठीक निघालं तर तेवढीच काळजी मिटली.

चुलत सासूबाईंच्या ‘बघून घेता येतं’ला मात्र तिथल्या तिथे ठाम नकार. यात मधला मार्ग नाही. आपल्याच जिल्ह्यात, म्हैसाळला, २०१७ साली बेकायदा गर्भपातात एका विवाहितेचा जीव गेला, त्यानंतर पोलिसांना ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. असल्या ठिकाणी कुणाचं तरी कुणीतरी ‘ओळखीचं’ असतं, म्हणूनच बाया तिथे पोचतात. गर्भलिंग तपासणी १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि बाईला नवऱ्यानं किंवा नातेवाइकांनी भाग पाडलं असं कायदा गृहीत धरतो. उलट सिद्ध करायची जबाबदारी त्यांच्यावर येते. चुलत सासूबाईंना एवढं कळलं तरी त्या पुन्हा कानात बोलायच्या नाहीत. आणखी एक सांगते, कारण या भीतीपोटी बायका दोन्हींची गल्लत करतात: कायद्यात बसणारा गर्भपात वेगळा. तो २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांच्या मतानं, मान्यताप्राप्त दवाखान्यात होऊ शकतो आणि सज्ञान बाईची स्वतःची संमती त्याला पुरते.

आता सासूबाई. त्यांना न दुखवता, असं तुम्ही म्हणता. थोडं दुखावलं जाईल, ते धरून चला. पण त्या तुमच्या शत्रू नाहीत, हे तुमच्याच पत्रात दिसतं. उन्हातान्हात तुमच्या जोडीनं विरळणीला त्याच असतात, धाकटीच्या वेळी सव्वा महिना तुम्हाला पाण्यात हात घालू दिला नाही तोही त्यांनीच. त्यांना घरात मान कधी मिळाला असेल? मुलगा झाला तेव्हा. म्हातारपणी कोण बघणार, जमीन कुणाच्या नावावर जाणार, चार बायकांत काय तोंड दाखवायचं, या त्यांच्या भीत्या खऱ्या आहेत. त्यावर मुलगा हा एकच उपाय त्यांना शिकवला गेलाय. एखाद्या दुपारी बागेत दोघीच असाल तेव्हा त्यांना विचारा: आत्या, तुमच्या वेळी किती बाळंतपणं झाली, कुठे झाली, कुणी विचारलं होतं का तुम्हाला? आणि ऐका. लगेच आपला मुद्दा मांडू नका. तुमच्याइतकंच, किंवा जास्तच, त्यांनाही कधी कुणी विचारलेलं नसेल.

मग पुढे कधीतरी त्यांच्या भीतीशी बोला. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा, हे २००५ पासून देशभर कायद्यात आहे, महाराष्ट्रात तर त्याआधी १९९४ पासून. नातींच्या नावावर जमीन जाते. म्हातारपणाचं म्हणाल तर त्यांचा स्वतःचा मुलगा हजार किलोमीटरच्या आसपास लांब आहे आणि त्यांचं दुखलंखुपलं बघताय तुम्ही, दुसऱ्या कुणाची तरी मुलगी. (हे वाक्य तोंडावर फेकू नका. त्यांना ते ठाऊक आहे.) गावात लग्नाला आलेल्या पोरांचंही बघा. पस्तिशी आली, बाग आहे, घर आहे आणि मुलगी मिळत नाही. २०११ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८६७ मुली होत्या. ती मुलं लग्नाची होतील तेव्हा काय होईल, बघा. ‘मुलगाच हवा’ म्हणणाऱ्या घरांचं हे व्याज फिटतंय.

तुमच्या यजमानांबद्दल मला सासूबाईंपेक्षा जास्त बोलायचंय. ‘घरात वाद नगं’ हे ऐकायला समजूतदारपणाचं वाटतं. पण दोन माणसांत एकाचं चाललंय आणि तिसरा गप्प आहे, तेव्हा तो ज्याचं चाललंय त्याच्याच बाजूचा असतो. गलाईवाल्यांच्या घरी हे फार दिसतं: नवरा लांब, बोलणं फोनवर, फोन सासूच्या हातात, आणि निर्णय आई-मुलात होऊन जातो. यात्रेची वाट बघू नका. तेव्हा पै-पाहुणे, पालखी, जेवणावळी, आणि तुम्ही स्वयंपाकघरात. दुकान बंद झाल्यावर तो एकटा असेल तेव्हा तुमच्या फोनवरून लावा. घुमवून बोलू नका. काहीसं असं: ‘मला तिसरं मूल नकोय. तांबी मी काढणार नाही. अंगणवाडीचा अर्ज भरणार आहे, तिसरं मूल झालं तर तो चालत नाही. आईंना हे तुमच्या तोंडून कळायला हवं, कारण माझ्याकडून आलं की ते सुनेचं उलटून बोलणं होतं.’ आणि थांबा. त्याला बोलू द्या. पहिल्या फोनला तो ‘बघू’च म्हणेल. दुसरा करा. बाई बोलत नाही याचा घरात ‘हो’ असाच अर्थ निघतो, तुमचा तो ‘हो’ परत घ्यायचाय.

समजूतदार घरातही एवढ्यावर अबोला येतो. भांडी आदळतात, माहेरच्यांचा उद्धार होतो. ते आठ-पंधरा दिवस निघतात. पण हात उगारला, उपाशी ठेवलं, मुलींपासून तोडलं किंवा ‘दुसरी करून आणू’ अशी धमकी आली, तर तो घरगुती वाद राहत नाही. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, आणि माहेरी आईच्या कानावर आत्ताच थोडं घालून ठेवा.

नोकरी करणं स्वार्थ आहे का, याचं उत्तर मी देणार नाही. गावातल्या पंचवीस लेकरांना खाऊ घालायचं, वजनं घ्यायची, नोंदी ठेवायच्या, त्यातला स्वार्थ मला तरी सापडत नाही.

थोरलीचा प्रश्न मात्र टाळू नका. २०११ साली शेजारच्या साताऱ्यात, ‘नकुशी’ किंवा त्याच अर्थाच्या नावानं वाढलेल्या २८५ मुलींना सरकारी कार्यक्रमात नवी नावं दिली गेली. त्यांतल्या काहीजणी पार मोठ्या झालेल्या होत्या, इतकी वर्षं ते नाव हजेरीत ऐकत. तुमच्या लेकीचं नाव चांगलं आहे, पण तिला ऐकू सगळं येतंय. तिला जवळ घेऊन सांगा की आजी ओरडते ते भावासाठी नाही, आणि भाऊ आला नाही तरी तू आम्हाला पुरेशी आहेस. सासूबाईंनाही एवढं एकच ठाम सांगा: हा विषय पोरींसमोर नको. हे त्या ऐकतील. नातीवर त्यांचा जीव आहे.

अर्जाचं आजच बघा. रहिवासी दाखला, बारावीचं गुणपत्रक, आधार आणि मुलांबद्दलचं लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र काढून ठेवा. बायकांचे अर्ज फार वेळा अडतात ते नावावरून: गुणपत्रक माहेरच्या नावाचं, आधार सासरच्या. विवाह नोंदणीचा दाखला असला की प्रश्न मिटतो. तुमची नोंदणी झालेली नसेल तर ती ग्रामपंचायतीत आजही होते. तिला नवरा-बायको दोघांनी समोर हजर राहावं लागतं, सोबत तीन साक्षीदार. यजमान यात्रेला आले की पहिलं काम ते. मुदत त्याआधी संपत असेल तर बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन प्रतिज्ञापत्रावर भागतं का विचारा, आणि जे सांगतील ते लिहून घ्या. पगाराचं खातं एकट्या तुमच्या नावावर असू द्या, आणि त्याला लावलेला मोबाइल नंबरही तुमचाच.